पाऊणतास

“आज खरी वेळ सांगितली होती मी! अगदी खरी!” पाऊणतास गाडीच्या दारात उभा राहून ओरडत होता, आणि ऐकायला तिथे मी, त्याची मुलगी आणि टपावर बसलेला एक कावळा, एवढेच होतो.

“कुणाला सांगितलीस?” मी दुकानातूनच विचारलं.

“सगळ्यांना. आजी-आजोबांना, त्या चष्मेवाल्याला, चष्मेवाल्याच्या आईला. घरी जाऊन सांगितली, ताई. तोंडावर.”

“मग येतील पाऊण तासानं,” मी म्हणाले आणि हातातल्या बॅगेची चेन पुन्हा एकदा ओढून पाहिली.

माझं दुकान बॅगांचं आहे. विकायच्या नव्हे, दुरुस्तीच्या. निखळलेली चाकं, अडकलेल्या चेना, उसवलेल्या शिवणी. पाऊणतासची गाडी माझ्या दुकानासमोरूनच विमानतळाला सुटते, त्यामुळे गावातून कोण चाललंय, काय घेऊन चाललंय आणि परत यायचा विचार आहे की नाही, हे मला जाणाऱ्याच्या सासूच्याही आधी कळतं. माणूस खोटं बोलेल, पण त्याची बॅग बोलत नाही.

आमच्या गावाला विमानतळ नाही. म्हणजे, होणार होता. गावाबाहेरचं माळरान सपाट केलं, भोवती कुंपण घातलं, ‘नियोजित विमानतळ’ अशी पाटी ठोकली, भाषणं झाली आणि मंडळी हार घालून घेऊन आपापल्या घरी गेली. आता त्या सपाट जागेवर गावातले लोक गाडी चालवायला शिकतात. मीही गेले होते. पाटी वाकडी झाली ती माझ्यामुळे, आणि त्या दिवसापासून मी दुसऱ्याच्या गाडीत मागेच बसते.

खरा विमानतळ घाट उतरून, नदी ओलांडून, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. सरकारी बस आहे, पण ती हमरस्त्यावरच्या फाट्याला सोडते आणि पुढे निघून जाते. तिथून बॅगा ओढत चालायचं. पाऊणतास तेव्हा बेकरीची गाडी चालवायचा. एकदा त्या फाट्यावर त्याला एक बाई दिसली. कडेवर मूल, हातात चाक तुटलेली बॅग, आणि डोळ्यांना धार. यानं तिला पावांच्या ट्रेंच्या मधे जागा करून दिली आणि थेट विमानतळाच्या दारात नेऊन सोडलं. विमान मिळालं, तरी ती रडतच होती. बसची वेळ गाठायच्या गडबडीत आईला धड भेटली नव्हती म्हणे. आई आत देवाला दिवा लावत होती की दूध बघत होती, तिला तेही आठवत नव्हतं. पाऊणतासला ते लागलं. वर्ष संपायच्या आत त्यानं पाव सोडले आणि पिवळ्या सीटांची ही जुनी गाडी घेतली.

आणि पहिल्या दिवसापासून त्यानं खोटी वेळ सांगायला सुरुवात केली. गाडी नऊला सुटायची असेल तर हा सांगणार सव्वाआठ. 

“ताई, निरोपाला वेळ लागतो,” तो मला म्हणाला होता. “दारात लागतो, पायरीवर लागतो, गाडीची काच खाली केली की पुन्हा लागतो. तो वेळ मी रस्त्यातून काढला तर माणसं मरतील. झोपेतून काढला तर नुसत्या जांभया देतील.”

सहा महिन्यांत गावाला हे कळलं. लोक पाऊण तास उशिरा यायला लागले. मग यानं दीड तास आधीची वेळ सांगून पाहिली, तर लोकांनी तीही वजा केली. एकदा तर कुणाचाच मेळ कुणाला लागेना आणि एक लग्नाचं वऱ्हाड आदल्या दिवशीच येऊन बसलं. शेवटी तडजोड झाली. हा पाऊण तास आधीची सांगणार, गाव खऱ्या वेळेला येणार, आणि दोघंही एकमेकांना काही बोलणार नाहीत. त्याचं नावही तेव्हापासून पाऊणतास पडलं. खरं नाव आता मतदानाच्या दिवशी तेवढं ऐकू येतं.

पण मी पाहिलंय, त्या पाऊण तासात घराघरांत काय होतं ते. बॅगा दाराशी येतात, सगळे उठून उभे राहतात, आणि मग कुणीतरी म्हणतं, अगं, अजून पाऊण तास आहे की. मग पुन्हा बसतात. वर्षानुवर्षं न बोललेलं माणसं तेवढ्यात बोलून घेतात. सख्खे भाऊ त्या वेळात बोलायला लागलेले मला माहीत आहेत. ते पुण्य याच्या खात्यावर जमा आहे.

तर असा हा माणूस, आणि आज त्यानं खरी वेळ सांगितली होती. कारण आज त्याची स्वतःची मुलगी चालली होती. नर्स आहे. परदेशातल्या मोठ्या हॉस्पिटलात नोकरी लागली, करार काही वर्षांचा, आणि मध्ये सुट्टी मिळेल की नाही ते तिथे गेल्यावरच कळणार.

“आजच कुठून सत्यवादी झालास?” मी विचारलं.

“पोरीचं विमान आहे. धोका नको.” तो काच पुसायला लागला. काच आरशासारखी लखलखत होती, तरी पुसत होता.

धोका कसला! मला सगळं माहीत होतं. घरातही त्यानं खरीच वेळ सांगितली होती. पोरीनं बूट घातले, आईला मिठी मारायला वळली, तेवढ्यात हा बॅग उचलून जिना उतरला. चला चला, उशीर होतोय. गावभर निरोप वाटत फिरणाऱ्यानं आपल्या घरापुरता ठेवलाच नव्हता. त्याला तो झेपणार नव्हता, दुसरं काही नाही. मला त्याचा राग आला आणि त्याच वेळी कीवही आली.

मुलगी गाडीत, चालकाच्या अगदी मागच्या सीटवर बसली होती. गावात त्या सीटला ‘रडायची सीट’ म्हणतात. ज्याला जाणं जड जातंय त्याला पाऊणतास तिथे बसवतो, आणि गाडी चौकातून वळली की समोरचा आरसा वर करतो, पार छताकडे. मागच्या माणसाला वाटायला नको की आपल्याला कुणी बघतंय. बाजूच्या आरशांवर भागवतो.

“आत्या,” मुलगी खिडकीतून मला म्हणाली, “कोणी आलंच नाहीये तर मी घरी जाऊन येऊ का? आईला नीट भेटलेच नाही.”

“काही नको,” तो पलीकडून म्हणाला. “येतील एवढ्यात.”

“तू पळ,” मी तिला म्हणाले. “तुझ्या बापाला मी बघते.”

घर कोपऱ्यावरच. ती पळाली. मी त्याला म्हटलं, “तूही जा. तिघं बसा जरा. गावाचा पाऊण तास आहे, आयता मिळालाय.”

“टायरची हवा बघायचीय.”

हवा त्यानं सकाळीच पाहिली होती. तो चारही टायरांभोवती फिरला, प्रत्येकाला एकेक लाथ घातली, आणि पुन्हा काच पुसायला लागला. मुलगी परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि चेहरा शांत होता. मागोमाग तिची आई आली, हात ओले तसेच. ती गाडीपाशी थांबलीच नाही, सरळ माझ्या दुकानात शिरली.

“ताई, तुम्ही जा यांच्यासोबत. मी आले तर विमानतळावर तमाशा करीन. पण येताना हे एकटे नकोत.”

मी दुकानाला कुलूप लावलं.

पाऊण तास भरला आणि मंडळी अवतरली. काठी टेकत आजोबा, त्यांचा हात धरून आजी. दोघं पहिल्यांदाच विमानात बसणार होते, मुलाकडे राहायला चालले होते. मागून सुट्टी संपवून नोकरीवर निघालेला चष्मेवाला आणि त्याला पोचवायला त्याची आई.

“आलो बघा! अगदी वेळेवर!” आजोबांनी जाहीर केलं.

पाऊणतासनं कपाळाला हात लावला. “आजोबा, आज खरी वेळ सांगितली होती हो.”

“मग आधी सांगायचं ना, खरी आहे म्हणून!” चष्मेवाल्याची आई म्हणाली.

“सांगितलं होतं!”

“ते तर तुम्ही नेहमीच सांगता.”

त्यानं बॅगा टपावर चढवल्या. प्रत्येक बॅगेच्या मुठीला मी एक पिवळी पट्टी शिवते, गाडीच्या जुन्या सीट कव्हरची. परक्या विमानतळावर कुठे गर्दीत पिवळी पट्टी दिसली तर समजावं, आपल्या गावचं माणूस आहे. मुलीच्या बॅगेला मी दोन शिवल्या होत्या.

चौकातून वळताना त्यानं सवयीनं हात वर नेला आणि आरसा छताकडे फिरवला.

“बाबा, आरसा खाली करा,” मुलगी म्हणाली. “मी रडत नाहीये.”

त्यानं केला नाही.

एरवी वाटेत त्याची टकळी चालू असते. कुठल्या वळणावर कोणता ट्रक उलटला, कोणत्या ढाब्यावरचा चहा पिऊन कोण आजारी पडलं. आज गाडीत फक्त इंजिन बोलत होतं. पण चालवत होता सुरेख. मी काही गाडीतली जाणकार नाही, पाटीनं ते सिद्धच केलंय, पण हातातलं काम कोण मनापासून करतंय ते मला कळतं. उशीर झालेला माणूस हॉर्न वाजवतो, शिव्या देतो, वळणावर पुढच्याला ओलांडायला बघतो. यानं यातलं काहीच केलं नाही. फक्त जिथे रस्ता सरळ होता तिथे त्याचा एक क्षणही वाया जाऊ दिला नाही.

अर्ध्या घाटात आजींना गरगरायला लागलं. त्या पदर तोंडाला लावून बसल्या. “काही नाही हो, चालू द्या,” आजोबा म्हणाले, पण त्यांचा आवाज चिरका झाला होता.

“बाबा, थांबवा,” मुलगी म्हणाली.

“विमान चुकेल आपलं!” चष्मेवाला म्हणाला.

गाडी तोवर कडेला लागलीही होती. मुलगी खाली उतरली, आजींना उतरवलं, ओला रुमाल त्यांच्या मानेवर ठेवला, पाठीवरून हात फिरवत राहिली. घाई नाही, चुळबुळ नाही. तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होता, पण बाजूच्या आरशात तिला बघत होता हे मला दिसत होतं. आजी परत चढल्या तेव्हा तो एवढंच म्हणाला, “पुढची वळणं हळू घेतो.” आणि खरंच हळू घेतली.

नदीच्या पुलावर दुरुस्ती चालली होती. एक बाजू बंद, लाल झेंडा घेऊन एक माणूस उभा, आमच्या पुढे गाड्यांची रांग.

“घुसवा ना कडेनं,” चष्मेवाला कासावीस झाला होता.

“समोरून येणाऱ्यांचीही कुणीतरी वाट बघतंय,” पाऊणतास म्हणाला. आमची पाळी आली तेव्हाच त्यानं गाडी पुलावर घातली.

विमानतळाच्या दारात गाडी उभी करायचा नियम कडक आहे. माणसं उतरवायची, बॅगा काढायच्या आणि निघायचं. तिथे एक शिट्टीवाला असतो, तो गाडी थांबायच्या आतच शिट्टी तोंडात धरतो. चालकानं जागा सोडायची नाही. त्यामुळे एवढ्या वर्षांत गावातला जवळपास प्रत्येक माणूस याच्या गाडीतून त्या दारात उतरला, पण विमानतळ आतून कसा दिसतो हे याला ठाऊक नाही. एकदा मला विचारलं होतं, आत गेल्यावर खाली फरशी आहे का गालिचा? मला तरी कुठे माहीत होतं!

आम्ही पोचलो तेव्हा अगदी काठावरची वेळ होती. बॅगा द्यायचा काउंटर बंद व्हायला आला असणार. चष्मेवाल्यानं आईच्या पायांना ओझरता हात लावला आणि बॅग घेऊन तीरासारखा आत गेला. मी आणि मुलीनं बाकीच्या बॅगा उतरवून तिथल्या बॅगांच्या गाडीवर रचल्या. मग ती वळसा घालून चालकाच्या खिडकीपाशी आली.

“बाबा,” ती म्हणाली.

त्यानं काच खाली केली. शिट्टी वाजली. मी मनात म्हटलं, वाजव मेल्या, किती वाजवतोस ते बघते.

“बाबा, तुम्ही घरी...” तिनं सुरुवात केली, आणि त्याची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली. तिनंही वळून पाहिलं.

आजी दाराशी उभ्या होत्या. काचेचं दार आपोआप उघडत होतं, त्या पाऊल उचलायच्या, दार मिटायला लागायचं, त्या घाबरून मागे यायच्या. आजोबा बॅग ओढत तिसरीकडेच निघाले होते, जिकडून लोक बाहेर येतात त्या दाराकडे. दोघांच्याही हातात कागद होते आणि दोघांनाही काही सुधरत नव्हतं.

मुलीनं बापाकडे पाहिलं. काय बोलायचं होतं ते तिच्या तोंडावर आलं होतं, मला दिसत होतं. तोही काहीतरी बोलणार होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला आणखी थोडा वेळ हवा होता, आणि तो त्याच्याकडे नव्हता.

“जा,” तो म्हणाला. “त्यांना घे आधी. एकटे राहतील.”

तिनं खिडकीवरच्या त्याच्या हातावर हात ठेवला, जेमतेम टेकवला म्हणा, आणि पळाली. “आजोबा, इकडे! इकडून!” तिनं आजोबांना फिरवलं, आजींच्या काखेत हात घातला, दुसऱ्या हातानं बॅगांची गाडी ढकलली, आणि तिघंही दारातून आत गेले. काचेपलीकडे पिवळ्या पट्ट्या थोडा वेळ दिसल्या. तिनं मागे वळून पाहिलं की नाही ते कळलं नाही, काचेवर ऊन होतं.

पोरगी बापावर गेली होती, अगदी तंतोतंत. तिचा मला फार अभिमान वाटला. शिट्टी पुन्हा वाजली आणि त्यानं गाडी काढली.

विमानतळाबाहेर रस्ता कुंपणाला लागून वळतो. तिथे तो दर खेपेला थांबतो. पोचवायला आलेली माणसं खाली उतरतात, कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून उभी राहतात, आणि एखादं विमान वर चढलं की पाऊणतास ठासून सांगतो, “हेच ते.” ते कुठलं, कुणाचं, कुठे चाललंय, त्याला काडीचीही कल्पना नसते. पण त्याच्या तोंडून ‘हेच ते’ ऐकलं की माणसं हात हलवतात, डोळे पुसतात, आणि मोकळी होऊन गाडीत बसतात.

आज कुंपण आलं आणि गाडीचा वेग कमी झाला नाही.

“अहो, कुंपण गेलं की!” चष्मेवाल्याची आई म्हणाली.

“ऊन फार आहे आज.”

“ऊन काय कालही होतं. थांबवा.”

“बराच वेळ जाईल, काकू. पोचायला उशीर होईल.”

“पाऊण तास जाईल,” ती म्हणाली. “सकाळी आम्ही तुमचा खाल्ला ना? घ्या तो परत. आम्हाला काही घाई नाही.”

त्या बाईच्या बॅगेची चेन मी जन्मभर फुकट बसवून देईन असं त्याच वेळी ठरवलं. त्यानं गाडी कडेला घेतली, मागे आणली आणि इंजिन बंद केलं. आम्ही तिघं उतरलो. जाळी तापली होती. पलीकडे वाळलेलं गवत आणि लांब, रिकामी धावपट्टी. तिथे उभं राहून मला आमच्या गावची वाकडी पाटी आठवली. ती खरी झाली असती तर हा माणूस आज घरून चालत पोरीला पोचवायला आला असता, आणि गाडी हलवायला कुणी शिट्टी वाजवली नसती.

बरीच वाट पाहिली. एक विमान उतरलं. मग आणखी एक. आणि मग पांढरं, मोठं एक विमान पलीकडच्या टोकाला वळलं, थांबलं, आणि धावत सुटलं. चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा पायाखालची माती थरथरली.

“हे का हो?” चष्मेवाल्याच्या आईनं विचारलं.

तो बघत राहिला. “माहीत नाही, काकू,” तो म्हणाला. “कुठलं आहे ते खरंच माहीत नाही मला.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग वर पाहिलं, आणि त्याच्याच सुरात, ठासून म्हणाली, “हेच ते.”

त्यानं हात वर केला. हलवायचा म्हणून केला होता, पण तो नुसता वर राहिला, विमान ढगात जाईपर्यंत. मग त्यानं खिशातून फोन काढून घरी लावला. “उडालं गं,” तो म्हणाला. “हो. पाहिलं ना. सगळ्यांनी पाहिलं.” पलीकडून ती काय बोलली ते ऐकू आलं नाही. तो नुसतं हूं हूं करत राहिला.

गाडीत चष्मेवाल्याची आई मागे खिडकीशी जाऊन बसली आणि लगेच डुलक्या घ्यायला लागली. मी त्याच्या मागच्या सीटवर बसले. विमानतळावर माणसं उतरली की तो आरसा पुन्हा सरळ करतो, येतानाच्या मंडळींवर लक्ष ठेवायला. तो सरळ होता. मी मान वर केली तर त्यात त्याचे डोळे मला दिसले.

मी पुढे वाकले, हात लांब केला आणि आरसा वर फिरवला, पार छताकडे.

“ताई, मागचं दिसत नाही आता,” तो म्हणाला.

“मागे मी आहे,” मी म्हणाले. “तू चालव.”

पूल येईपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत बसले.